शहरापासून लांबच्या वस्तीत घर घ्यावं का? वस्ती वाढतेय तर पुढे नोकऱ्याही तिथेच येतील ना?

घर घ्यायचं की नाही ते तुमचं बजेट ठरवेल. पण "वस्ती वाढतेय म्हणजे नोकऱ्या मागोमाग येतीलच" हे जे तुम्हाला कोणी सांगितलंय ना, त्यावर मला बोलायचंय, कारण माझा मोठा भाऊ हेच वाक्य आजही मला ऐकवतो.

आम्ही लांब घर घेतलं कारण शहरात परवडतच नव्हतं, बस. दोघंही नोकरीला शहरात. मुलगी झाली आणि सगळं गणित फिसकटलं. पाळणाघर बंद व्हायच्या वेळेला आम्ही दोघंही अजून गाडीतच असायचो. मग एकाने जवळपास काम बघायचं ठरलं, आणि असं "एकाने" ठरलं की ती बहुतेक घरात बाईच असते. बायको ऑडिटमधली, हाताखाली टीम असलेली. तिने वस्तीत सगळीकडे विचारलं. कामं नव्हती असं नाही, शाळेत फी घ्यायची, दवाखान्याचा काउंटर सांभाळायचा, बिल्डरच्या ऑफिसात फोन उचलायचे, पण पगार निम्म्याहून कमी. शेवटी तिने शाळेतलं काम धरलं, मनापासून केलं, पण जिथून वर चढायचं होतं ती शिडीच सुटली. आणि दादा म्हणतो, "मिळाली ना घराजवळ नोकरी?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

दादा, वस्ती वाढली की वस्तीची गरज भागवणारी कामं वाढतात. दुकान, शाळा, दवाखाना, बांधकाम, डिलिव्हरी. त्यांचे पगार निघतात ते शहरात जाऊन कमावून आणणाऱ्यांच्या खिशातून. बाहेरून पैसा आणणारी कंपनी मात्र चारही बाजूंनी माणसं पोचतील अशी जागा बघते, एका टोकाच्या वस्तीत ऑफिस टाकलं तर दुसऱ्या टोकाची माणसं गेलीच ना.

"नवीन रेल्वे येतेय" हेही सांगतील. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस प्रवासाला दिवसाचा साधारण एक तास देतो, गाडी वेगवान झाली की तो वेळ वाचवत नाही, अजून लांब राहायला जातो. म्हणजे रेल्वेने आधी घरं वाढतात. आणि स्वस्त घराने प्रवासाची भरपाई होते म्हणावं तर फ्रे आणि स्टुत्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतली माहिती तपासून २००८ मध्ये दाखवलं की जितका लांबचा प्रवास तितकं समाधान कमी, भरपाई होत नाही.

कामाची जागा आधीच राखावी लागते. उद्याननगरांची कल्पना मांडणारे इंग्लंडचे एबनेझर हॉवर्ड १८९८ मध्येच सांगत होते की घरं आणि कारखाने एकाच नगरात हवेत, १९०३ पासून तिथलं लेचवर्थ हे नगर त्याच विचाराने उभं राहिलं. टोकियोजवळचं तामा हे नवं नगर मात्र मुख्यतः राहण्यासाठीच आखलं, १९७१ पासून लोक राहायला आले, आता तिथे म्हाताऱ्यांची संख्या हा मोठा प्रश्न झालाय.

तर तुम्ही फ्लॅट बघायच्या आधी विकास आराखडा बघा. ऑफिस-उद्योगांसाठी राखलेली जमीन आहे का, आणि तिच्यावरही राहण्याच्या इमारतीच उठतायत का? उठत असतील तर नोकऱ्यांचा विषय तिथेच संपला. आणि घरात दुसरं कमावणारं माणूस असेल तर त्याच्या कामाचं काय, हे सही करायच्या आधी बोला. दोघांची नोकरी एकाच दिशेला आहे का ते बघा, मूल आजारी पडलं तर कोण किती वेळात पोचेल ते बघा.

हां, जवळ विद्यापीठ, बंदर, मोठं हॉस्पिटल असं काही आधीपासून असेल तर माझं म्हणणं तितकं लागू नाही. घरून काम असेल तरी नाही, पण ते कायम राहील का हे कंपनीकडून लिहून घ्या. जमलं तर आधी वर्षभर तिथे भाड्याने राहा. आणि भाव वाढतील म्हणून घेत असाल तर एवढंच, तुमचे वाढले तसे शहरातलेही वाढलेले असतात, ते विकून परत शहरात घर येत नाही. दादाकडे याचं उत्तर अजून नाहीये.