नवी रायफल घ्यायचीय? आधी जुनी वही काढा

प्रश्न : तीन वर्षं क्लबच्या .३०८ (गोळीचा व्यास, इंचांत) टार्गेट रायफलीवर झोपून नेमबाजी करतोय. ३०० आणि ६०० यार्डांवर गुण बरे पडतात, पण १००० यार्डांवर गेलो की गोळ्या पांगतात. आता स्वतःची रायफल घ्यायचं ठरवलंय. मित्र म्हणतात, .३०८ जुनाट झाली, ६.५ मिलिमीटरची घे आणि वर दुर्बीण बसव. अॅक्शन (काडतूस बसवून उडवणारी यंत्रणा), बॅरल (नळी), स्टॉक (खांद्याला टेकणारा सांगाडा), ट्रिगर यांतल्या कशावर जास्त पैसे घालू?
– अधीर

उत्तर : अधीरराव, रायफलीचं नंतर बघू. आधी सांगा, गोळ्या पांगतात म्हणजे कशा पांगतात? उभ्या की आडव्या? तीन वर्षांची स्कोअरची वही असेलच. ती काढा आणि हजार यार्डांवरच्या सगळ्या गोळ्या एकाच कागदावर टिंबांनी मांडा. संध्याकाळ जाईल, पण अर्धं उत्तर त्या कागदावरच मिळेल.

ठिपके आडवे पसरले असतील तर तो वारा. ताशी १६ किलोमीटरचा वारा नेमका आडवा असला, तर १५५ ग्रेनची (सुमारे १० ग्रॅमची) .३०८ गोळी हजार यार्डांवर पोचेपर्यंत दोन मीटरहून जास्त सरकते. मैदानावरचा झेंडा बघून वारा वाचताना तुमचा अंदाज आठव्या हिश्शाने चुकला तरी पाव मीटर गेलं. हे दुखणं रायफल बदलून जात नाही. वारा वाचायला शिकायचा तर कुणा मुरलेल्या माणसाशेजारी बसून त्याच्या डावात गुण लिहा. तो साइट (नेम धरायचं साधन) कधी फिरवतो आणि कधी नुसता थांबतो, ते बघा. थांबतो ते जास्त बघा.

ठिपके उभे पसरले असतील तर मात्र काडतुसं, बॅरल किंवा तुमचं शरीर, यांपैकी कुणीतरी दगा देतंय. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक असला तर ३०० यार्डांवर तो एखाद्या सेंटिमीटरचा असतो, तुम्हाला कळतही नाही. हजारावर तोच जवळजवळ वीतभर होतो. ६०० पर्यंत 'गुण बरे पडतात' याचं गुपित बहुतेक इथेच आहे. शिवाय हजार यार्डांवर पोचताना .३०८ ची गोळी ध्वनीच्या वेगाच्या जवळ उतरलेली असते आणि तिथे ती डळमळू शकते. म्हणून या खेळातली बॅरल ३० इंचांची, लांबलचक असते. सुरुवातीचा वेग जितका जास्त, तितकी गोळी ही वेस उशिरा ओलांडते.

क्लबच्या रायफलीतून आजवर किती राउंड गेलेत, हे विचारून बघा. बहुधा कुणालाच सांगता येणार नाही. .३०८ च्या बॅरलचं स्पर्धेतलं आयुष्य साधारण चार-पाच हजार राउंड. माझ्या जुन्या बॅरलमध्ये एकदा बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आत बघायची दुर्बीण, घालून पाहिलं होतं. काडतूस बसतं त्याच्या जरा पुढे पोलादाला जाळीदार भेगा, तळं आटल्यावर चिखल तडकतो तशा. दोन हंगाम मी स्वतःच्या श्वासाला आणि बोटाला शिव्या घालत होते, त्या अर्ध्याअधिक त्या नळीला द्यायला हव्या होत्या. अॅक्शन धडधाकट होती, नुसती बॅरल बदलली आणि काम झालं. क्लबही कदाचित तेवढंच करेल. मग तुमचे पैसे वाचले.

तरीही स्वतःची घ्याच. कारण बॅरल नाही, स्टॉक. क्लबची रायफल सगळ्यांना थोडी थोडी बसते, म्हणजे नीट कुणालाच बसत नाही. माझी पहिली रायफल दिसायला देखणी होती, पण बट (स्टॉकचं मागचं टोक) माझ्या हाताला तीन सेंटिमीटर लांब. गाल कधी टेकायचा, कधी तरंगायचा. दहाव्या गोळीनंतर मान थरथरायला लागायची आणि मागच्या साइटच्या भोकातून पुढच्या साइटचं कडं कधी मधोमध, कधी चंद्रकोरीसारखं एका बाजूला दिसायचं. मला वाटायचं, डोळे गेले. शेवटी एका कारागिराने ऐटीत करवत काढली आणि बट कापली. रडू यायचं बाकी होतं! पण त्या आठवड्यापासून डोळे 'परत आले'.

तेव्हा स्टॉक असा घ्या की गालाची उंची, बटची लांबी, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) आणि हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर), सगळं पाना घेऊन सरकवता येईल. विकत घेण्याआधी नेहमीचं जाड जॅकेट घाला, स्लिंग (दंडाला अडकवायचा पट्टा) लावा, झोपून नेम धरा. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नेम जिथे होता तिथेच आणि पुढचं कडं मधोमध असेल तर स्टॉक तुमचा. दुकानात उभ्याने खांद्याला लावून 'वा, बॅलन्स!' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आपण झोपून खेळतो.

आता ६.५. तिची लांबट गोळी वाऱ्यात कमी सरकते, हे खरंच. पण टार्गेट रायफलीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत .३०८ किंवा .२२३ एवढंच चालतं, आणि साइट भोकाची, दुर्बीण नाही. ६.५ घेतलीत की तुम्ही एफ-क्लासच्या ओपन गटात गेलात. तिथे दुर्बीण, पुढे टेकू, मागे वाळूची पिशवी, रायफल १० किलोपर्यंत. त्याच एफ-क्लासच्या एफ-टीआर गटात .३०८ किंवा .२२३ च, बायपॉडसकट (दोन पायांच्या टेकूसकट) ८.२५ किलोपर्यंत. (एफ म्हणजे फारक्वारसन, कॅनडाचे. वयाने डोळे आणि सांधे थकलेल्यांनाही खेळता यावं म्हणून त्यांनी हा प्रकार काढला. माझीही पिशवी शिवून तयार आहे.) मित्र कुठल्या गटात खेळतात ते विचारा. खेळ न ठरवता कॅलिबर ठरवणारे फार भेटतात. .३०८ वर राहिलात आणि १५५ ग्रेनची गोळी वापरणार असलात तर ट्विस्ट (बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ) १३ इंचांत एक फेरा घ्या.

कुठली रायफल भारी हे भांडण फार जुनं आहे. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंड विरुद्ध अमेरिका सामना झाला. आयरिश लोकांच्या रायफली तोंडातून भरायच्या, अमेरिकनांच्या नव्या, मागून भरायच्या. अमेरिका जिंकली, ९३४ विरुद्ध ९३१. आता हा नव्या रायफलींचा विजय म्हणायचा, तर एका आयरिश नेमबाजाची बुलमध्ये (टार्गेटच्या मधल्या भागात) बसलेली गोळी शेजारच्या टार्गेटवर होती, म्हणून धरली गेली नाही. बुलला गुण चार, आणि हार तीन गुणांनी!

ट्रिगरवर फार झोप उडवू नका. तुमच्या गटाच्या किमान वजनाच्या नियमात बसणारा आणि दर वेळी एकसारखा सुटणारा असला की पुरे. अॅक्शन नावाजलेली घ्या, ती तुमच्या चार-पाच बॅरली पाहील. परवान्यात त्या कॅलिबरची नोंद होते का, हे पैसे भरण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

आणखी एक. नव्या बॅरलचा वेग पहिल्या शंभरेक राउंडांत थोडा चढत जातो, त्यामुळे सुरुवातीला लावलेली साइट पुढे जुळत नाही. रायफल हाती आली त्याच आठवड्याच्या स्पर्धेत नाव घालू नका. मी घातलं होतं. शेवटून दुसरी आले. शेवटच्या गृहस्थांची काडतुसं घरी राहिली होती.