सोनोग्राफीत खडा दिसत नाही, मग सीटी कशाला?

"सोनोग्राफीत मूतखडा दिसला नाही, तरी डॉक्टर सीटी स्कॅन सांगतायत, हा पैसे उकळायचा प्रकार आहे का?" नेमकं हेच आमचे साडू माझ्या उशाशी बसून बोलले होते, म्हणून लिहितोय.

उजव्या कुशीतून निघालेली कळ थेट जांघेत. सोनोग्राफीचा रिपोर्ट : किडनीला सूज, खडा दिसत नाही. अहो, सूज आहे म्हणजे खाली कुठेतरी लघवी तुंबलीय ना! किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीचा मधला भाग आतड्यांच्या मागे असतो, गॅसमुळे तो सोनोग्राफीत धड दिसतच नाही. एक्स-रेही कोरा. डॉक्टर म्हणाले सीटी. साडू म्हणाले, "कमिशनचा धंदा आहे, कुळथाचं पाणी प्या." नऊ दिवस प्यालो. दहाव्या दिवशी हुडहुडी भरून १०३ ताप.

सीटीला ना सुई, ना इंजेक्शन. मशीनमधली बाई "सांस रोकिए" म्हणाली, मी रोखला, टेबल आत जाऊन बाहेर आलं, संपलं. ७ मिमीचा खडा, नळी जिथे पायाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी ओलांडते त्या चिंचोळ्या जागी. घनता ४१० हाउन्सफील्ड, म्हणजे सीटीवर घनता मोजायचं एकक. (सीटी शोधणाऱ्या हाउन्सफील्डचंच नाव ते, १९७९चं नोबेल.) आकडा पाचशेच्या आत म्हणजे बहुधा युरिक ॲसिड. तो एक्स-रेला दिसत नाही, सीटीला दिसतो, आणि औषधाने विरघळतो. ताप होता म्हणून त्याच रात्री नळीत स्टेंट (बारीक पोकळ नळी) घालून लघवीची वाट मोकळी केली, मग लघवीतली आम्लता कमी करणारं औषध सहा आठवडे. खडा गायब.

तेव्हा करून घ्या. खड्यासाठी प्लेन, म्हणजे बिनइंजेक्शनचा सीटी पुरतो. लघवीतून रक्त जाण्याचं कारण शोधायचं असेल तर डाय (आतले भाग उठून दिसावेत म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन करतात, त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी, बघतात. रेडिएशन असतं, नाही असं नाही. कमी डोसचा होतो का विचारा, आणि उठसूट करू नका. गरोदरपणात आधी सोनोग्राफीच. ताप नसेल, कळ सोसवत असेल, तर डॉक्टर स्वतःच थोडं थांबवतात, हेही खरं.

साडू हल्ली प्रत्येक लग्नात सांगतात, "यांचा खडा माझ्या कुळथाने विरघळला." सीटीची फिल्म मी जपून ठेवलीय. तारीख बघा म्हणावं : नऊ दिवस कुळीथ पिऊन झाल्यानंतरची आहे, आणि खडा अख्खा ७ मिमीचा.