लेक्चर रेकॉर्ड करताय? आधी पुढच्या बाकावर या

कॉलेजं सुरू झाली की वर्गातल्या रेकॉर्डिंगबद्दल पत्रं येऊ लागतात. यंदा विद्यार्थ्यांच्या बरोबरीने प्राध्यापकांनीही लिहिलंय. 'कुठलं ॲप घेऊ?' एवढंच विचारणारे बरेच आहेत. त्यांना इथेच सांगतो, फोनमध्ये आलेलं रेकॉर्डर पुरतं. बाकीच्यांकडे वळू.

प्रश्न: मी टी.वाय.ला आहे. मागच्या बाकावरून फोनवर लेक्चर रेकॉर्ड करते. घरी ऐकायला बसलं की सरांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. चांगला माइक घ्यावा का? (विद्यार्थिनी, डोंबिवली)

आधी जागा बदला, माइकचं मग बघू. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने उतरतो. सर आठ मीटरवर आणि पंखा डोक्यावर दीड मीटरवर असेल, तर फोन बिचारा पंखाच टिपणार. त्यात आपले वर्ग म्हणजे उंच छत, उघड्या भिंती, खाली फरशी. मागच्या बाकापर्यंत सरांचा आवाज भिंतींवर आपटत आपटत येतो. प्रत्यक्ष बसलेलं असताना ते खटकत नाही, कारण नको ते आवाज मेंदू मागे सारतो. फोनला ती सोय नाही. महागडा माइक घेऊन मागेच बसलात तर पंखा आणखी स्वच्छ ऐकू येईल.

सरांना विचारून फोन त्यांच्या टेबलावर ठेवा. खाली रुमालाची घडी घाला, नाहीतर डस्टर ठेवल्याचा दणका लाकडातून सरळ माइकमध्ये शिरतो. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेजवळ असतो. ती कड सरांकडे करा आणि कव्हरने भोक झाकलं नाही ना, हे बघून घ्या. एअरप्लेन मोड लावायला विसरू नका. मध्येच कोणाचा फोन आला की कित्येक फोनवर रेकॉर्डिंग तिथल्या तिथे थांबतं आणि ते घरी गेल्यावर कळतं. व्हिडिओच्या फंदात पडू नका. ६४ केबीपीएस मोनो आवाजाच्या एका तासाला सुमारे २९ एमबी लागतात, तेवढ्याच वेळाचा व्हिडिओ कित्येक जीबी खातो.

सर फिरत शिकवणारे असतील तर मात्र कॉलर माइक हवा. वायरवाला साधा माइक काही शे रुपयांत मिळतो. घेताना पिन बघा. फोनच्या गोल भोकासाठी पिनेवर काळ्या तीन रेघा लागतात. दोन रेघांची पिन बहुधा कॅमेऱ्यासाठी असते आणि फोनला लावली तर फोन स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. गोल भोकच नसेल तर टाइप-सीचा माइक घ्या. तो हनुवटीपासून वीतभर खाली लावायचा. मॅडमची साडी असेल तर पदर सरकत नाही अशा ठिकाणी. आणि गळ्यातलं आय-कार्ड तेवढा तास पर्समध्ये किंवा खिशात! चांगली चांगली लेक्चरं या कार्डाने घालवलेली मी ऐकली आहेत. पावलागणिक टक्, टक्, टक्.

प्रश्न: माझं लेक्चर एका विद्यार्थ्याने न विचारता रेकॉर्ड करून टेलिग्रामवर टाकलं. विचारलं तर म्हणतो, 'शिक्षणासाठी सगळं चालतं, कोर्टाने सांगितलंय.' खरं आहे का? (प्राध्यापक, विलेपार्ले)

मुलगा बहुधा दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाबद्दल बोलतोय. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्याविरुद्ध प्रकाशकांनी केलेला तो दावा होता आणि प्रश्न होता अभ्यासक्रमासाठी काढलेल्या पुस्तकांतल्या पानांच्या झेरॉक्स संचांचा. वर्गातलं बोलणं चॅनेलवर टाकण्याशी त्याचा संबंध नाही.

तुमच्या कामाचं कलम वेगळं आहे. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये 'परफॉर्मर' कोण याची यादी दिली आहे. अभिनेता, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि त्यांच्याच रांगेत व्याख्यान देणारी व्यक्ती. गारुड्याशेजारी बसवलं म्हणून रागावू नका, ती जागा फायद्याची आहे. परफॉर्मरच्या सादरीकरणाचं रेकॉर्डिंग करणं आणि ते लोकांपर्यंत पोचवणं यावर त्याचा हक्क असतो. त्याला कलम ३९ मध्ये अपवाद आहेत: स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी प्रामाणिकपणे केलेलं रेकॉर्डिंग चालतं. म्हणजे त्याने घरी अभ्यासाला ऐकलं असतं तर या कायद्याने तुम्ही त्याला अडवू शकला नसता. कॉलेजचा नियम असेल तर तो निराळा. टेलिग्रामवर टाकलं, तिथे तो अपवादाबाहेर गेला. नोट्स आणि स्लाइडचा हक्क तुमचा की संस्थेचा, हे मात्र नेमणुकीच्या करारात काय लिहिलंय त्यावर ठरतं. तो कागद एकदा काढून वाचाच.

आता कायदा बाजूला ठेवून सांगतो. पोलीस चौकीच्या आधी मुलाला बोलवा आणि फाइल काढायला लावा; बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पुढच्या सत्रात पहिल्याच तासाला नियम सांगून टाका: आवाज रेकॉर्ड करा, वर्गाबाहेर पाठवू नका, मी 'बंद करा' म्हटलं की बंद. तो तिसरा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एखादं खरंखुरं उदाहरण द्यायचं असतं, कुणा मुलीला अडचणीचा प्रश्न विचारायचा असतो. फोन चालू आहे म्हटल्यावर वर्ग गप्प बसतो आणि शिक्षकही छापील बोलायला लागतो. सरसकट बंदीने काही साधत नाही, फोन खिशात जातो एवढंच.

प्रश्न: दिवसा नोकरी, संध्याकाळी लॉ. रेकॉर्डिंग साठत चाललंय, ऐकणं होत नाही. गाडीत ऐकू का? (वाचक, विरार)

चर्चगेट ते विरार दीड तास मिळतो खरा, पण संध्याकाळच्या गर्दीत कानात आवाज वाढवून दोन तासांचं लेक्चर ऐकणं म्हणजे कानांची वाट लावणं. आणि सगळं ऐकायला सांगितलंय कोणी?

वर्गात वहीच्या कोपऱ्यात रेकॉर्डिंग सुरू केल्याची वेळ लिहा, समजा ६.३५. पुढे जिथे अडलं तिथे फक्त वेळ आणि एक शब्द: '७.०२, रेस ज्युडिकाटा, स्पष्टीकरण चार सुटलं'. रात्री फाइल उघडून सत्ताविसाव्या मिनिटाच्या जरा आधी जायचं, चार-पाच मिनिटं ऐकायची आणि वहीतली मोकळी जागा भरायची. तासाचं काम पाच मिनिटांत होतं. अशा खुणा नसलेली फाइल आठवड्याने कोणी उघडत नाही, त्यामुळे साठलेल्या फाइलींचं ओझं बाळगू नका. ज्या वहीत खुणा नाहीत, त्या दिवसाची फाइल सरळ पुसा.

वेग वाढवून ऐकायला हरकत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी तपासलं, तेव्हा दुप्पट वेगापर्यंत विद्यार्थ्यांच्या आकलनात फारसा फरक पडला नाही, त्यापुढे मात्र पडला. तो वेग इंग्रजी व्हिडिओंचा आणि शांत खोलीतला होता. गाडीत दीडपट पुष्कळ झाला. आणि हजेरीची अट रेकॉर्डिंगने भागत नाही, हे माहीत असेलच.

प्रश्न: मुलाला डिस्लेक्सिया आहे, लिहिण्याचा वेग कमी. रेकॉर्डिंगची परवानगी मागितली तर मॅडम म्हणाल्या, 'एकाला दिली की सगळे मागतील.' (एक आई, कांदिवली)

सगळ्यांनी मागणं आणि तुमच्या मुलाने मागणं यात फरक आहे, आणि तो कायद्याने केला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया त्यातलाच) समावेश आहे आणि गरजेप्रमाणे वाजवी सोय देण्याची अपेक्षा शिक्षणसंस्थेकडून आहे. मॅडमशी वाद घालत बसू नका. बोर्डाच्या सवलतीसाठी काढलेलं प्रमाणपत्र घरात असेल, त्याची प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज करा. 'सर्व तासांचा फक्त आवाज, फक्त स्वतःच्या अभ्यासासाठी, परीक्षेनंतर पुसून टाकू' हे त्यात लिहा. कॉलेजात समान संधी कक्ष असेल तर एक प्रत तिकडे. पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्न: कॉलेजने वर्गाच्या मागच्या भिंतीला कॅमेरा लावलाय. फळा काही वाचता येत नाही. (प्राध्यापिका, ठाणे)

येणारही नाही. पवईच्या आयआयटीत लेक्चरं रेकॉर्ड होतात, पण तिथले वर्गच त्यासाठी सजवलेले आहेत. मागच्या भिंतीवरच्या एका कॅमेऱ्याला अर्धा वर्ग, चाळीस डोकी आणि फळ्याचा एक तुकडा दिसतो. आवाज कॉलर माइकने घ्या आणि फळा पुसण्याआधी फोनवर सरळ फोटो काढा. अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत १९६१ ते ६३ या काळात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन शिकवत होते, तेव्हा हेच केलं गेलं: बोलणं टेपवर, फळ्याचे फोटो वेगळे. व्हाइटबोर्ड असेल तर त्याच्यासमोरची ट्यूबलाइट बंद करा, काळं किंवा निळं मार्करच वापरा. आणि तासाची अखंड फाइल चढवू नका, मुद्द्यागणिक कापा. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या व्हिडिओंचा २०१४ चा अभ्यास सांगतो की सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओच मुलं नीट बघतात.

प्रश्न: वडिलांच्या १९८० च्या दशकातल्या व्याख्यानांच्या कॅसेट माळ्यावर सापडल्या. लावून बघू का? (वाचक, गिरगाव)

आधी कॅसेटच्या खिडकीतून टेप बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. मुंबईच्या हवेत माळ्यावर ती धरतेच. तशी कॅसेट लावू नका, प्लेअरचं हेड खराब होऊन पुढच्या कॅसेटलाही लागण होईल. ती या कामातल्या जाणकाराकडे द्या. स्वच्छ असतील त्या एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा. सी-९० ची टेप सी-६० पेक्षा पातळ असते, तिला जास्त जपा. प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाच्या लाइन-इनला (आवाज आत घेणाऱ्या भोकाला) जोडा, आवाज मध्यम ठेवा आणि वेव्ह फाइल करा. एमपीथ्री नंतर कधीही करता येते. कव्हरवर वडिलांनी विषय आणि तारीख लिहिली असेल, त्याचा फोटो काढा आणि फाइलला तेच नाव द्या.