वाचकांचे प्रश्न : किनाऱ्यावरचा निळा झेंडा नेमके काय सांगतो?

पर्यटनस्थळांना मिळणारी मानांकने आणि प्रमाणपत्रे यांविषयी अलीकडे बरीच पत्रे आली. त्यांतील चार प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : डिसेंबरमध्ये सत्तरीतली आई आणि दोन लहान मुले यांना घेऊन आम्ही कोकणात जाणार आहोत. ज्या निवासाची चौकशी केली, त्यांच्या जाहिरातीत ‘ब्लू फ्लॅग किनाऱ्यालगत’ असे ठळकपणे लिहिले आहे. तेथे समुद्रात उतरणे सुरक्षित आहे, असा याचा अर्थ घ्यावा का? – वाचक, पुणे

उत्तर : तसा सरसकट अर्थ घेऊ नये, पण त्या झेंड्याला किंमत नाही असेही समजू नये. ब्लू फ्लॅग, म्हणजेच निळा झेंडा, हे ठरावीक निकष पाळणाऱ्या किनाऱ्यांना मिळणारे आंतरराष्ट्रीय मानांकन आहे. त्याची सुरुवात १९८५मध्ये फ्रान्समध्ये झाली, १९८७पासून तो युरोपभर दिला जाऊ लागला आणि २००१पासून युरोपाबाहेरही गेला. डेन्मार्कमधील ‘फाउंडेशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल एज्युकेशन’ ही संस्था तो देते. आपल्याकडे २०२०मध्ये गुजरातमधील शिवराजपूर, दीवमधील घोघला, कर्नाटकातील कासरकोड व पडुबिद्री, केरळमधील कप्पड, आंध्रातील रुषिकोंडा, पुरीचा गोल्डन बीच आणि अंदमानातील राधानगर अशा आठ किनाऱ्यांना तो पहिल्यांदा मिळाला. महाराष्ट्रातील श्रीवर्धन, नागाव, पारनाका, गुहागर आणि लाडघर या पाच किनाऱ्यांची नावे २०२५मध्ये जाहीर झाली.

मानांकनाचे एकूण ३३ निकष आहेत आणि ते पर्यावरणविषयक माहिती व शिक्षण, पाण्याची गुणवत्ता, किनाऱ्याचे व्यवस्थापन, सुरक्षितता व सुविधा अशा चार विभागांत येतात. माझ्या मते यांतला सर्वांत मोलाचा भाग पाण्याचा आहे, कारण तेथे मत चालत नाही, मोजमाप लागते. आंघोळीच्या हंगामात किमान पाच नमुने घ्यावे लागतात आणि दोन नमुन्यांमध्ये ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेतून पाण्यात येणारे ई. कोलाय आणि एन्टरोकोकाय हे जिवाणू त्यांत मोजले जातात, आणि समुद्राच्या १०० मिलिलिटर पाण्यासाठी त्यांची मर्यादा अनुक्रमे २५० आणि १०० इतकी कडक ठेवलेली आहे. गावाचे सांडपाणी नाल्यातून थेट पुळणीवर येत असेल, तर कितीही बाके आणि कितीही रंगीत छत्र्या लावल्या तरी ही परीक्षा पार होत नाही. वाळू झाडून स्वच्छ दिसणारा किनारा आणि आंघोळीलायक पाणी असलेला किनारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे बहुतेक जाहिराती पहिल्या गोष्टीबद्दलच बोलतात.

सुरक्षिततेच्या निकषांत जीवरक्षक, बचावाची साधने आणि प्रथमोपचार यांची व्यवस्था पाहिली जाते. म्हणजे कोणी संकटात सापडल्यास धावून येण्याची सोय आहे का, हे हा झेंडा सांगतो. त्या दिवशी, त्या घटकेला समुद्र कसा आहे, हे तो सांगत नाही. ओहोटीची ओढ, उधाणाची भरती, पाण्याखालचे खड्डे यांचा अंदाज तेथील जीवरक्षकाला आणि गावातल्या माणसाला असतो, म्हणून आई आणि मुले पाण्यात उतरण्यापूर्वी त्यांना विचारावे आणि त्यांनी नको म्हटल्यास ऐकावे. संकटसूचक लाल बावटा आणि निळा मानांकनाचा झेंडा यांचा एकमेकांशी संबंध नाही, हेही मुलांना आधीच समजावून सांगावे.

आणखी दोन गोष्टी जाहिरात तुम्हांला सांगणार नाही. पहिली अशी की, हे मानांकन संपूर्ण गावाला किंवा सलग किनाऱ्याला नसून आखून दिलेल्या पट्ट्याला असते, त्यामुळे ‘लगत’ या शब्दात पाचशे मीटरही मावतात आणि दोन किलोमीटरही. दुसरी अशी की, ते एका हंगामापुरते असते, दर वर्षी नव्याने अर्ज करावा लागतो आणि निकष मोडल्यास झेंडा उतरवावा लागतो. मार्च २०२५मध्ये विशाखापट्टणमजवळच्या रुषिकोंडा किनाऱ्यावरचा झेंडा अस्वच्छता आणि मोकाट कुत्र्यांच्या तक्रारींनंतर तात्पुरता काढून घेतला गेला आणि सुधारणा झाल्यावर परत मिळाला. मला ही घटना या योजनेच्या बाजूची वाटते, कारण जे प्रमाणपत्र कधीच काढून घेतले जात नाही त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर प्रवेशाजवळचा माहितीफलक शोधावा. पट्ट्याचा नकाशा, आचारसंहिता आणि पाण्याच्या तपासणीचे निकाल तेथे लावणे निकषांनुसार बंधनकारक आहे. निकालाखालची तारीख वाचावी. ती जुनी असेल किंवा फलकच नसेल, तर तेथील व्यवस्थापनाला कारण विचारण्याचा तुम्हांला पूर्ण अधिकार आहे. आईंना वाळूतून चालणे कठीण जात असेल, तर उतारमार्ग आणि अपंगांसाठीचे प्रसाधनगृह आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. एका नगरपालिकेच्या हद्दीत मानांकित किनारे एकाहून अधिक असतील, तर त्यांपैकी किमान एका ठिकाणी अशी सोय असावी लागते, प्रत्येक ठिकाणी ती असतेच असे नाही.

प्रश्न : दापोली तालुक्यात आमचे चार खोल्यांचे घरगुती निवासस्थान आहे. एका खासगी संस्थेकडून पत्र आले की, आमची ‘सर्वोत्तम पर्यावरणपूरक पर्यटनस्थळ’ म्हणून निवड झाली असून शुल्क भरल्यास प्रमाणपत्र, मानचिन्ह आणि संकेतस्थळावर लावण्यासाठी बोधचिन्ह मिळेल. आम्ही अर्जही केला नव्हता. काय करावे? – वाचक, दापोली तालुका

उत्तर : पैसे भरू नयेत. तुमच्या घरी कोणी आले नाही, सांडपाणी कोठे जाते हे कोणी विचारले नाही, विजेचे बिल कोणी पाहिले नाही, आणि तरीही निवड झाली. मग त्या प्रमाणपत्राने नेमके काय प्रमाणित केले?

केवळ शुल्क मागितले म्हणून एखादी योजना खोटी ठरत नाही, हे मात्र येथे स्पष्ट केले पाहिजे. तपासनीस प्रवास करून येतो, कागद तपासतो, अहवाल लिहितो, त्याला खर्च येतोच. फरक इतकाच की खऱ्या योजनेत शुल्क तपासणीचे असते आणि तपासणीनंतर नकारही मिळू शकतो. निकष आधीपासून सर्वांना वाचायला खुले असतात, तपासणारी व्यक्ती तुम्हांला सल्ला विकणाऱ्या व्यक्तीपेक्षा वेगळी असते आणि प्रमाणपत्रावर मुदत छापलेली असते. या क्षेत्रात ‘ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल’ ही संस्था निवासस्थाने, सहल-आयोजक आणि पर्यटनस्थळे यांच्यासाठी निकष ठरवते, पण ती स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही; प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची पात्रता तपासून त्यांना मान्यता देण्याची तिची व्यवस्था आहे. त्यामुळे कोणी तिचे नाव सांगून थेट प्रमाणपत्र देऊ करत असेल, तर तेथेच थांबावे.

बोधचिन्ह लावण्यात कायद्याचाही प्रश्न आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ यांसारखे शब्द वापरणाऱ्या व्यावसायिकाने त्यामागचा पुरावा दिला पाहिजे, असे ती सांगतात. म्हणजे ते बोधचिन्ह तुम्ही लावल्यास, उद्या पाहुण्याने तक्रार केल्यावर उत्तर तुम्हांला द्यावे लागेल, पत्र पाठवणाऱ्या संस्थेला नव्हे. युरोपीय संघातही अशाच दिशेने नियम झाले असून, प्रमाणन योजनेचा किंवा सार्वजनिक प्राधिकरणाचा आधार नसलेली शाश्वततेची चिन्हे लावण्यास तेथे २७ सप्टेंबर २०२६पासून मनाई आहे. तुमच्याकडे परदेशी पाहुणे एखाद्या युरोपीय सहल-कंपनीमार्फत येत असतील, तर ती कंपनी याबाबत चौकशी करण्याची शक्यता आहे.

त्याच पैशांत तुमच्या शोषखड्ड्याची दुरुस्ती होत असेल, विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी होत असेल, तर ती करून घ्यावी आणि तपासणीचा अहवाल तारखेसह ओसरीवर लावावा, असे मी मनापासून सुचवीन. गाव म्हणून काही करायचे असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचा ‘बेस्ट टुरिझम व्हिलेजेस’ हा उपक्रम २०२१पासून सुरू आहे. शेती, मासेमारी यांसारख्या पारंपरिक व्यवसायांवर उभी असलेली, जास्तीत जास्त १५,००० लोकसंख्येची गावे त्यासाठी पात्र ठरतात. तेलंगणातील पोचमपल्ली आणि कच्छमधील धोर्डो यांची त्यात निवड झालेली आहे. तेथे गाव थेट अर्ज करत नाही, देशाच्या सरकारमार्फत नाव जाते, म्हणून सुरुवात ग्रामपंचायतीच्या ठरावाने आणि जिल्ह्याच्या पर्यटन कार्यालयातील चौकशीने करावी.

प्रश्न : पेंचला ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा आहे, कासला जागतिक वारशाचा. ही दोन्ही गुणवत्तेची प्रमाणपत्रेच म्हणायची ना? – वाचक, नागपूर

उत्तर : पहिले होय, दुसरे नाही. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. रात्रीच्या आकाशाचा अंधार मोजणे, दिवे जमिनीकडे वळवणे, लोकांना आकाशदर्शनाची संधी देणे अशा ठरावीक अटी त्यामागे आहेत आणि आसपासच्या गावांतील दिवेही त्यासाठी बदलले गेले. कास पठार हे २०१२मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. ती नोंद त्या निसर्गाचे मोल सांगते आणि ते जपण्याची जबाबदारी देशावर टाकते. वाहनतळ, प्रसाधनगृहे किंवा वाटाड्याची माहिती चांगली आहे असे ती म्हणत नाही. लोणार सरोवराच्या रामसर नोंदीबद्दलही, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीतील नोंदीबद्दलही, हेच लागू आहे. अशा नोंदीनंतर गर्दी वाढते आणि जे जपायचे तेच तुडवले जाते, याची काळजी फुलांच्या हंगामात कासला जाणाऱ्या प्रत्येकाने वाहिली पाहिजे.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यासाठी ब्लू फ्लॅगचा प्रस्ताव येणार अशी चर्चा आहे. होड्या ओढायची आणि जाळी वाळवायची जागा जाईल, अशी मच्छीमारांना भीती वाटते. ती खरी आहे का? – वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : भीती रास्त आहे, आणि ती प्रस्ताव कागदावर असतानाच मांडावी लागते. निकषांत मासेमारीला बंदी नाही. बेकायदा तळ ठोकणे, वाहने चालवणे आणि कचरा टाकणे यांना मनाई आहे, पाळीव प्राण्यांवर नियंत्रण आहे, तसेच किनाऱ्याचा वापर करणाऱ्या वेगवेगळ्या लोकांत संघर्ष होणार नाही अशी आखणी करणे बंधनकारक आहे. समुद्राने आणून टाकलेले शेवाळ आणि नैसर्गिक काडीकचरा शक्यतो तेथेच राहू द्यावा, असेही निकष सांगतात, हे पुळण रोज खरवडून काढणाऱ्या कंत्राटदारांना दाखवून द्यावे. अडचण येते ती पट्टा कोठून कोठपर्यंत आखला जातो येथे. नकाशा बाहेरून आलेल्या सल्लागाराने काढला, तर ज्या सपाट जागी होड्या लागतात तीच जागा त्याला पोहण्यासाठी सोयीची दिसते.

म्हणून पट्ट्याचा नकाशा ग्रामसभेत मागावा. त्यावर होड्यांची जागा, जाळ्यांची जागा, रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढण्याचा, भाग आणि कासवांची घरटी सापडणारा भाग मच्छीमारांनीच दाखवावा. किनाऱ्याची व्यवस्थापन समिती असणे हा निकषांचाच भाग आहे, तिच्यात मच्छीमार संस्थेला स्थान हवे, असा ठराव करून घ्यावा. दिव्यांचा मुद्दाही तेथेच काढावा, कारण समुद्राकडे जाणारी कासवाची पिल्ले झगमगाटाने उलट जमिनीकडे वळतात. हे सारे बांबूच्या बाकांची आणि कपडे बदलण्याच्या खोल्यांची निविदा निघण्याच्या आधी झाले पाहिजे. निविदा निघाल्यावर नकाशा बदलायला कोणी तयार होत नाही.