बेचाळीसातून सतरा गेले

प्रिय छोट्या मॅडम,

मुलांनीच तुझं हे नाव ठेवलंय, म्हणून मीही तेच वापरते. (मी मोठ्या मॅडम. वयाने की आकाराने, हे विचारायची हिंमत अजून कुणी केलेली नाही.)

शनिवारी शाळा सुटताना तुझी सराव पाठांची वही माझ्याच पिशवीत राहिली. रविवारी दुपारी बसून सगळी वाचली. अकरा पाठ, अकरा टाचणं (पाठाच्या आदल्या रात्री लिहायची आखणी), आणि प्रत्येक टाचणाखाली तुझ्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या कॉलेजने लिहायला सांगितलेलं 'पाठाचे चिंतन'. अक्षर मोत्यासारखं आहे, समास पट्टीने आखलेले. पण अकरा चिंतनांतलं एक वाचलं की बाकीची दहा वाचायची गरजच उरत नाही. 'पाठ उद्दिष्टांनुसार पूर्ण झाला. विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. वेळेचे नियोजन अधिक चांगले करता आले असते.' कवितेच्या पाठाला हेच, पाण्याच्या पाठाला हेच, वजाबाकीलाही हेच. शेरा लिहायला समास पुरेना आणि शाळेत बोलायला वेळ मिळत नाही. मधली सुट्टी खिचडी वाढण्यात आणि माहिती भरण्यात जाते. म्हणून हे पत्र.

रागावले नाहीये. आम्हीही असंच लिहायचो. आमच्या डी.एड.ला तर प्रस्तावनेचं एक नाटकच असायचं. 'झाडाला काय लागतं?' फळं. 'फळांचा राजा कोण?' आंबा. 'चला तर मग, आज आपण आंब्याविषयी माहिती घेऊ या.' मागे बसलेले निरीक्षक मान डोलवायचे. आंबा कुणाच्या घरी येतो आणि कुणाच्या घरी येत नाही, हे कुणी विचारायचं नाही.

तुझ्या टाचणातला 'विद्यार्थी कृती' हा रकाना मात्र मला मजेशीर वाटला. आदल्या रात्री बसून तू लिहिलंयस, 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात. विद्यार्थी अचूक उत्तरे देतात.' पाठ व्हायच्या आधीच पोरांची उत्तरं तयार! टाचणात अंदाज लिहावाच लागतो, त्याला माझी हरकत नाही. पण चिंतनातही तू तोच अंदाज भूतकाळ करून उतरवलास, आणि तिथे माझं तुझ्याशी भांडण आहे.

गुरुवारच्या वजाबाकीचंच बघ. आइसक्रीमच्या काड्यांचे तीन गठ्ठे आणि चार सुट्ट्या काड्या घेऊन तू 34 मधून 18 काढून दाखवलेस. एक गठ्ठा सोडलास, चौदातून आठ बाजूला केलेस, सगळं सावकाश आणि नीट. मग वहीत करायला दिलंस 42 − 17. एकतीस मुलं. एकोणीस जणांचं 25 आलं, नऊ जणांचं 35, तिघांचं भलतंच काहीतरी. चिंतनात तू लिहिलंस, 'काही विद्यार्थ्यांना हातच्याची संकल्पना स्पष्ट झाली नाही. पुन्हा सराव घेणे.'

तू वह्या गोळा करत होतीस तेव्हा मी मागे फिरत होते. 35 वाल्यांतल्या दोघांना विचारलं, कसं केलंस सांग की. खिडकीपाशी बसणारी म्हणाली, 'सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन.' वर काय, खाली काय, तिला देणंघेणं नाही. मोठ्यातून लहान काढायचं. हे तिला कुणी शिकवलं? आपणच. पहिलीपासून आपण सांगत आलो, लहानातून मोठं जात नाही. तिने ते मनापासून ऐकलं आणि जात नाही म्हणून उलटं केलं. दुसरा, तो सतत पेन्सिलीला टोक करणारा, म्हणाला, 'दोनातून सात जात नाहीत, म्हणून दशक घेतला. बारातून सात गेले पाच. चारातून एक गेला तीन.' म्हणजे गठ्ठा सोडणं त्याला कळलंय, सोडलेला गठ्ठा चारांतून कमी करायचा तेवढा राहिला.

दोघांचंही उत्तर 35. तुझ्या लाल पेनाची फुलीही सारखीच. पण त्याला अर्ध्या मिनिटाचं काम आहे: चारावर काट मारून वर तीन लिही. तिला पुन्हा काड्यांपाशी न्यायला हवं, कारण वहीतल्या 42 चा तिच्या मनात बेचाळीस वस्तूंशी संबंधच लागलेला नाही. तिला 'पुन्हा सराव' दिलास तर ती तीच चूक वीस वेळा करेल आणि त्यात पक्की होईल.

यात तुझी आणखी एक गफलत झाली, आणि ती मीही कित्येक वर्षं करत होते. उदाहरणच असं निवडलंस की दोन चुका एकमेकींत लपल्या. सातातून दोन गेले तरी पाच आणि बारातून सात गेले तरी पाच. एककाच्या घरात पाचाचा फरक आला की हे असं होतं. 0 आणि 5, 1 आणि 6, 2 आणि 7, 3 आणि 8, 4 आणि 9 या जोड्या चाचणीत टाळ. 43 − 17 दे. उलटं करणाऱ्याचं 34 येईल, दशक कमी करायला विसरणाऱ्याचं 36, बरोबर असणाऱ्याचं 26. वही हातात न घेता, नुसतं वाकून पाहिलं तरी कुणाच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. मला हे कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही, वह्यांचा ढीग तपासता तपासता कळलं.

आता बरोबर आलेल्यांकडे बघ. एका मुलीच्या 25 भोवती तू लाल गोल करून लिहिलंस, 'दशक कमी केला नाही.' खरंच नव्हता केला. पण खालच्या 1 शेजारी तिने बारीक टिंब दिलेलं तू पाहिलंस का? घरी आजोबांनी शिकवलेली रीत आहे ती. मलाही वडिलांनी तीच शिकवली होती: बारातून सात गेले पाच, हातचा एक, तो खालच्या एकात मिळवून दोन, चारातून दोन गेले दोन. वरच्या संख्येत दहा वाढले, खालच्यातही दहा वाढले, फरक तेवढाच राहिला. ती चुकली नव्हती. तिला उद्या बोलावून ते टिंब कसलं ते विचार आणि तो लाल गोल तिच्यासमोर खोड.

आणि तिघांच्या 'भलतंच' मधला तो किराणा दुकानवाल्याचा मुलगा. वहीत त्याने चक्क 59 लिहिलंय, बेरीजच केली. मी त्याला विचारलं, बेचाळीस रुपये आहेत, सतराचा पुडा घेतला, किती उरले? वर न बघता म्हणाला, 'पंचवीस.' कसे? 'सतराचे वीस करायला तीन, मग चाळीसपर्यंत वीस, वरचे दोन.' मला पटकन सुचलं नसतं असं त्याने तोंडी केलं. त्याला वजाबाकी येते, वहीतली आडवी रेघ वाचता येत नाही. या एकाच मुलावर तुला पानभर चिंतन लिहिता आलं असतं.

मराठीच्या आकड्यांचंही तसंच. तुझ्या श्रुतलेखनात चार जणांनी तेवीसचे 32 केले, एकाने एकोणचाळीसचे 49. तू लिहिलंस 'निष्काळजीपणा'. अगं, आपली भाषाच आधी एकक बोलते आणि मग दशक, आणि लिहायचं मात्र आधी दशक. 'एकोणचाळीस' ऐकलं की कानात चाळीस घुमतात. एकोणनव्वदपर्यंत मूल कसंबसं हे सांभाळतं, आणि नव्व्याण्णवला ती रीतही मोडते. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर वर्तमानपत्रांतून, वाहिन्यांवरून समजावत होत्या आणि लोक विनोद करत होते. माझं स्वतःचं मत विचारशील तर मुलांना एकवीस आणि वीस एक दोन्ही यायला हवं. पण ज्यांनी टिंगल केली त्यांतल्या किती जणांनी तेवीसचे 32 लिहिणाऱ्या पोराशेजारी कधी बसून पाहिलं असेल, कोण जाणे.

'समजलं का?' हे विचारणं सोड. 'होऽऽऽ मॅडम' हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही, ती त्याची चाल आहे. आणि प्रश्न विचारल्यावर जरा थांबत जा. गुरुवारी प्रश्न विचारून तू स्वतःच उत्तर देत होतीस, कारण शांतता झाली की तुला भीती वाटते. मनात पाच आकडे मोज. मी मागे बसून वर्गाचा नकाशा काढला होता, कोण कुठे बसलंय त्याचा, आणि तू ज्याला प्रश्न विचारशील त्याच्यापुढे एक रेघ. बावीस प्रश्न झाले, त्यांतले पंधरा पुढच्या पट्टीवरच्या पाच जणांना. मागच्या भिंतीकडच्या मुली पूर्ण तासभर कोऱ्या. नकाशा वहीत घालून ठेवलाय. माझ्या तासाला तूही असाच काढ. माझंही पितळ उघडं पडू दे.

एकतीस जणांबद्दल रोज लिहायचं म्हणशील तर ते कुणालाच जमणार नाही. मी रोज तीन मुलं ठरवते. वर्षाला शाळा किमान दोनशे दिवस भरते, म्हणजे प्रत्येकाची पाळी साधारण एकोणीस वेळा येते. दोन ओळी लिहायच्या: काय म्हणाला, जसंच्या तसं, त्याच्याच शब्दांत. 'अभ्यासात मागे', 'हुशार', 'लक्ष नाही' हे शब्द त्या वहीत लिहायला मी स्वतःला बंदी घातलीय. का, ते सांगते.

1992 च्या जूनमध्ये मी नोकरीला लागले, गेवराई तालुक्यात, तांड्याजवळच्या दोन शिक्षकांच्या शाळेत. पहिलीचा वर्ग. चित्रांचा तक्ता टांगला होता, आई, बाबा, घर, गाय. आईच्या चित्रावर छडी ठेवून एका मुलीला विचारलं, हे कोण? ती उभी राहून म्हणाली, 'याडी.' मला ऐकू आलं 'येडी'. गावातली पोरं खदखदा हसली. मी तिला दटावलं, आईला असं म्हणतात का? ती बसली. त्यानंतर ती माझ्या वर्गात बोललीच नाही. ऑक्टोबरपर्यंत मी तिच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं, 'मंद. बोलत नाही.'

दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला गेला, तीही गेली. मी पटावरच्या गैरहजर मुलांची चौकशी करायला तांड्यावर गेले, तेव्हा म्हाताऱ्यांजवळ मागे राहिलेलं एक पोर रडत होतं, 'याडी, याडी' करत. गोरमाटीत, म्हणजे तांड्यावरच्या बंजाऱ्यांच्या बोलीत, आईला याडी म्हणतात. पाच महिने मी त्या लोकांत राहत होते, आणि मला एवढं माहीत नव्हतं.

चैत्रात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, आणि माणसं परतली. ती शाळेत आली. मी तोच तक्ता काढला, तिला जवळ घेऊन विचारलं, हे कोण? मनात म्हटलं, आता म्हण, या वेळी मी नीट ऐकते. ती हळूच म्हणाली, 'आई.' माझ्या नोंदीत ते बरोबर उत्तर म्हणूनच लागलं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल तुमच्या अभ्यासक्रमात दोन गुणांची टीप असेल. 1945 साली बोर्डीत बालवाडी, पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम, एवढं लिहिलं की गुण मिळतात. माझ्या मनात त्यांची कुरणशाळा राहिलीय. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे त्यांनी पाहिलं आणि शाळाच कुरणावर नेली. गैरहजेरीच्या रकान्यात 'पालक उदासीन' असं लिहून मोकळं होणं त्यांनाही सोपं होतं.

आता कामाचं. सोमवारी तुझा गणिताचाच तास आहे. नवीन घटक घेऊ नकोस, शाळा तपासणारे केंद्रप्रमुख आले तर मी बघते. 43 − 17 दे, आणि 35 वाल्या नऊ जणांना तीन-तीन करून व्हरांड्यात घेऊन बस. बाकीच्यांना मी सांभाळते. खिडकीजवळच्या तिच्यापुढे वही ठेवू नकोस, आधी काड्या दे, सतरा काढायला सांग आणि गठ्ठा ती स्वतः कधी सोडते ते बघत राहा. मदत करू नकोस. हात शिवशिवतील, मागे धरून ठेव. काड्या कमी पडतील, कपाटाच्या खालच्या खणात चिंचोके आहेत. रबरं मात्र आण, मागच्या आठवड्यात ती सगळी पोरांच्या मनगटावर गेली.

आणि मागच्या भिंतीकडच्या मुलींपैकी निळ्या रिबिनवाली, तिला काहीतरी विचार. काहीही. मीही तिचा आवाज पंधरा दिवसांत ऐकलेला नाही.

तुझ्या
मोठ्या मॅडम