फाइल बदलली, पत्रं मात्र जुन्याच सरांना

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या पोस्टफिक्स (ईमेल पोचवणारा प्रोग्राम) सर्व्हरवर परीक्षा विभागाची ईमेल निवृत्त सरांकडे जातात. अलायसेसच्या फाइलमध्ये (कुठल्या पत्त्याची पत्रं कुणाकडे जायची त्या यादीत) नवं नाव घातलं, सर्व्हर रीस्टार्टही केला. तरी तेच! – एक वाचक, सांगली

उत्तर : रीस्टार्टचा इथे काही उपयोग नाही. तुम्ही बदललीत ती मजकुराची फाइल. पोस्टफिक्स वाचतो ती तिच्यावरून बांधलेली, बहुधा शेजारचीच ‘डॉट डीबी’ फाइल. रूट (सर्व्हरचा मुख्य वापरकर्ता) होऊन ‘न्यूअलायसेस’ ही आज्ञा चालवा, म्हणजे ती नव्याने बांधली जाईल. मीही यात एक अख्खी दुपार घालवली आहे. शेवटी दोन्ही फायलींच्या तारखा पाहिल्या : एक आजची, दुसरी दोन महिन्यांपूर्वीची. कपाळावर हात मारला.

तरीही बदल दिसला नाही, तर ‘मेन डॉट सीएफ’ ही पोस्टफिक्सच्या सेटिंगची फाइल उघडा. ‘अलायस मॅप्स’ ही ओळ पत्र वाटताना कुठे बघायचं ते सांगते. ‘अलायस डेटाबेस’ ही न्यूअलायसेसने काय बांधायचं ते. तुमची फाइल फक्त पहिलीत असेल, तर आज्ञा निमूट चालते आणि तुमची डीबी जुनीच राहते. खात्रीसाठी ‘पोस्टअलायस’ या आज्ञेला ‘क्यू’ (विचारणा) हा पर्याय लावून परीक्षा विभागाचा पत्ता विचारा, डीबीत आहे तेच उत्तर येईल.

आणि हो, ‘पोस्टमास्टर’ची, म्हणजे ईमेलच्या तक्रारी येतात त्या पत्त्याची, पत्रं कुणाकडे जातात तेही बघा. बहुधा त्याच सरांकडे!