फ्रेंच आणि भाषाशास्त्र एकत्र घेतोयस तर

आधी आयपीएची, म्हणजे उच्चार लिहायच्या आंतरराष्ट्रीय लिपीची, चिन्हं पक्की कर, कारण फ्रेंच स्पेलिंग कानाला फसवतं. 'तू' आणि 'सगळं' या अर्थांचे दोन शब्द देवनागरीत 'त्यु' नि 'तु' असे कसेबसे लिहितात, पण पहिल्यात 'य' नाहीच! आरशासमोर 'ई' म्हण, जीभ तिथंच ठेव, फक्त ओठ गोल कर. पहिल्या शब्दातला स्वर निघतो. जीभ मागं सरकली की 'ऊ' झालाच.

व्याकरणात मराठी वापर. फ्रेंचमध्ये 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत लिहिताना एक अक्षर जास्त, उच्चार तोच. आपल्याकडं कोल्हापुरात तर बायकाही 'मी गेलो' म्हणतात. रूपविचाराच्या (शब्दांची रूपं कशी बनतात याच्या अभ्यासाच्या) प्रकल्पाला विषय आयताच, फक्त घरच्यांचं बोलणं त्यांना विचारूनच रेकॉर्ड कर.